अँटिबॉडी की टी-सेल रिसेप्टर? सीक्वेन्सवरून साखळी ओळखायची कशी

पीडीबीतली (प्रथिनांच्या त्रिमितीय रचनांच्या जागतिक संग्रहातली) एखादी रचना उघडली की साखळ्यांना ए, बी, सी, डी अशी नुसती अक्षरं दिलेली दिसतात. नव्या माणसाला वाटतं, एच म्हणजे हेवी आणि एल म्हणजे लाइट, बाकी शीर्षकात लिहिलेलं असेलच. कधीकधी असतंही तसं. पण १एन८झेड ही नोंद काढून बघा. स्तनाच्या कर्करोगावर दिल्या जाणाऱ्या ट्रास्टुझुमॅब या अँटिबॉडीचा फॅब (लक्ष्याला चिकटणारा हात) तुकडा आणि तो ज्याला चिकटतो ते हर-२ प्रथिन, यांची ही रचना आहे. तिथे ए ही लाइट साखळी आहे, बी हेवी आणि सी म्हणजे हर-२. अक्षरांवर भिस्त ठेवून शंभर नोंदी गोळा केल्यात, तर त्यात किती चुकीच्या आल्या हे कळायलाही मार्ग उरत नाही.

हा लेख आहे तो हातात सीक्वेन्सचा ढीग आणि ‘यातल्या अँटिबॉडी आणि टीसीआर (टी-सेल रिसेप्टर) वेगळ्या काढ’ एवढीच सूचना मिळालेल्या विद्यार्थ्यांसाठी. सगळ्या पायऱ्यांच्या मुळाशी एकच क्रम आहे: आधी डोमेन (प्रथिनाचा स्वतंत्रपणे घडी पडणारा भाग) ओळखायचं, डोमेनांवरून साखळी ठरवायची आणि साखळ्यांच्या जोडीवरून रिसेप्टर ठरवायचा. शीर्षकापासून सुरुवात करून उलट खाली आलात की गोंधळ ठरलेला.

एक सोय सांगून ठेवतो. अमिनो आम्लांची एकाक्षरी चिन्हं मी इथे देवनागरीत, मधे आडव्या रेघा देऊन लिहिली आहेत. संगणकावर शोधताना तीच अक्षरं रोमनमध्ये टाका.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- सगळे सीक्वेन्स फास्टा स्वरूपात (नावाची एक ओळ आणि खाली अक्षरं, अशी साधी मजकूर फाइल), प्रत्येकाला वेगळं नाव.
- लिनक्स असलेला संगणक. विंडोज असेल तर डब्ल्यूएसएल (विंडोजच्या आत लिनक्स चालवायची सोय) बसवून घ्या, कारण खालचं मुख्य साधन ज्या हमर प्रणालीवर चालतं ती थेट विंडोजवर त्रास देते.
- अनार्सी हे ऑक्सफर्डच्या संशोधन गटाचं साधन. ते २०१६ साली प्रसिद्ध झालं. कोंडा या पॅकेज बसवणाऱ्या साधनातून बसवता येतं, आणि पाचदहाच सीक्वेन्स असतील तर त्याचं वेब पानही पुरतं.
- आयएमजीटीचं डोमेनगॅपअलाइन. फ्रान्समधल्या माँपेलियेत मारी-पॉल लेफ्रां यांनी १९८९ साली आयएमजीटी उभी केली. या क्षेत्रात जनुकांची नावं आणि क्रमांकन यांबाबत शेवटचा शब्द तिचा.
- ब्लास्ट (सारखे सीक्वेन्स शोधणारं साधन) आणि युनिप्रॉट (प्रथिनांच्या सीक्वेन्सचा संग्रह).

इथेच पहिला खड्डा आहे. आयएमजीटीचं सगळ्यांत प्रसिद्ध साधन म्हणजे व्ही-क्वेस्ट, म्हणून नवखा माणूस प्रथिनाचा सीक्वेन्स उचलून त्यात चिकटवतो. व्ही-क्वेस्टला न्यूक्लिओटाइड लागतात. आयजीब्लास्टची प्रथिनांसाठीची आवृत्ती आहे, पण ती फक्त ‘व्ही’ जनुकाशी जुळवून देते, ‘जे’ नावाच्या जनुकाबद्दल काही सांगत नाही (ही जनुकं पायरी १ मध्ये येतील). प्रथिनासाठी अनार्सी आणि डोमेनगॅपअलाइन ही जोडी धरून चाला.

पायरी १: कोण कोणाचं, हे पक्कं करून घ्या

अँटिबॉडीत दोन हेवी आणि दोन लाइट साखळ्या असतात. आयजीजीची हेवी साखळी साधारण ४५० अमिनो आम्लांची, वजनाला ५० किलोडाल्टन. लाइट साखळी साधारण २१५ अमिनो आम्लांची, २५ किलोडाल्टन. लाइटचे दोन प्रकार: कप्पा आणि लॅम्डा. हेवीचे पाच: म्यू, डेल्टा, गॅमा, अल्फा, एप्सिलॉन. त्यांवरून आयजीएम, आयजीडी, आयजीजी, आयजीए, आयजीई हे वर्ग होतात. माणसात आयजीजीचे चार उपवर्ग आहेत, आयजीएचे दोन.

टी-सेल रिसेप्टरमध्ये दोनच साखळ्या. एक तर अल्फा आणि बीटा, नाही तर गॅमा आणि डेल्टा.

गॅमा, डेल्टा, अल्फा ही नावं दोन्हीकडे आली आहेत हे लक्षात आलंच असेल. त्यात भर म्हणून टीसीआरला चिकटून असणाऱ्या सीडी-३ समूहातही गॅमा, डेल्टा, एप्सिलॉन आणि झीटा अशा साखळ्या आहेत. म्हणून नोंदवहीत ‘गॅमा साखळी’ असं कधीच लिहू नका. अँटिबॉडीची असेल तर आयजीएचजी, टीसीआरची असेल तर टीआरजी, सीडी-३ची असेल तर सीडी-३ गॅमा. आयएमजीटीची ही लघुनावं पहिल्या दिवसापासून वापरा: आयजीएच, आयजीके, आयजीएल आणि टीआरए, टीआरबी, टीआरजी, टीआरडी.

या सातही साखळ्यांचा साचा एकच. पुढे एक व्ही डोमेन (साखळीगणिक बदलणारं) आणि मागे एक किंवा अधिक सी डोमेन (स्थिर). व्ही डोमेन तयार होतं ते व्ही आणि जे जनुकांचे तुकडे जोडून. हेवी, बीटा आणि डेल्टा यांत मधे डी तुकडाही येतो. ही जनुकांची जोडणी उलगडल्याबद्दल सुसुमु तोनेगावा यांना १९८७ सालचं नोबेल मिळालं. आपल्या कामाच्या दृष्टीने याचा अर्थ असा, की हातातल्या सीक्वेन्सचं संपूर्ण व्ही डोमेन जीनोममध्ये सलग कुठेच लिहिलेलं नसतं. म्हणून नुसता ब्लास्ट चालवला तर शेकडो अँटिबॉडींशी बरंचसं साम्य दिसतं, पण नेमकं उत्तर मिळत नाही. ब्लास्टचा पहिला निकाल उचलून ‘हीच ती’ असं ठरवू नका.

पायरी २: सीक्वेन्स साफ करा

पीडीबीतून घेताना अणूंच्या यादीतून सीक्वेन्स बनवू नका. नोंदीत दिलेला पूर्ण सीक्वेन्स घ्या. क्रिस्टलमध्ये एखादा सैल भाग दिसला नाही, तर अणूंच्या यादीत तो नसतोच. सीडीआर म्हणजे व्ही डोमेनमधले लक्ष्याला चिकटणारे तीन बदलते तुकडे; त्यातलं तिसरं अर्धवट तुटलेलं असेल, तर पुढचं सगळं क्रमांकन घसरतं.

मग दोन्ही टोकं बघा. सुरुवातीला साधारण वीस अमिनो आम्लांचा सिग्नल पेप्टाइड (प्रथिन पेशीबाहेर धाडणारा आणि नंतर कापला जाणारा तुकडा) राहिलेला असू शकतो. प्रयोगशाळेत अँटिबॉडी बनवताना एम-जी-डब्ल्यू-एस-सी-आय-आय-एल-एफ अशी सुरुवात असलेला पेप्टाइड फार वापरतात, तो नजरेत बसवून घ्या. शेवटी सहा हिस्टिडिनांचा टॅग (शुद्धीकरणासाठी जोडलेली शेपटी) असू शकतो. हे भाग कापून टाकायचे नाहीत, फक्त नोंद करायची. मूळ सीक्वेन्स जसाच्या तसा राहू द्या.

पायरी ३: साधन चालवण्याआधी डोळ्यांनी बघा

ही पायरी बहुतेक जण गाळतात. मला ती सगळ्यांत महत्त्वाची वाटते, कारण साधनाने चुकीचं उत्तर दिलं तर ते खटकायला हवं, आणि ते खटकतं ते फक्त सीक्वेन्स वाचायची सवय असेल तरच.

ट्रास्टुझुमॅबच्या हेवी साखळीचं व्ही डोमेन घेऊ. लांबी १२० अमिनो आम्लं. सुरुवात ई-व्ही-क्यू-एल-व्ही-ई-एस-जी-जी-जी. बाविसाव्या जागी पहिलं सिस्टीन. तिथून चौदा जागा पुढे डब्ल्यू, म्हणजे ट्रिप्टोफॅन. मग लांब पट्टा गेल्यावर ए-व्ही-वाय-वाय-सी हा तुकडा येतो, आणि त्यातलं सी म्हणजे ९६व्या जागेवरचं दुसरं सिस्टीन. ही दोन सिस्टीनं डायसल्फाइड बंधाने जोडलेली असतात आणि डोमेनचा घडी घातलेला सांगाडा त्यांच्यावर उभा असतो. दुसऱ्या सिस्टीननंतर तिसरं सीडीआर सुरू होतं: एस-आर-डब्ल्यू-जी-जी-डी-जी-एफ-वाय-ए-एम-डी-वाय. आणि लगेच डब्ल्यू-जी-क्यू-जी.

हा शेवटचा तुकडा म्हणजे जे जनुकाची खूण. हेवी साखळीत डब्ल्यू-जी, मग कोणतंही एक, मग जी. लाइट साखळ्यांत आणि टीसीआरच्या साखळ्यांत त्या डब्ल्यूच्या जागी बहुतेक वेळा एफ असतं. या उदाहरणात सीडीआरच्या आतही डब्ल्यू-जी-जी आलंय. घाईघाईत तिथेच डोमेनची खूण सापडली असं वाटतं, पण चौथं अक्षर डी आहे, जी नाही. खूण चारही अक्षरांनी पटवायची.

त्याच अँटिबॉडीची लाइट साखळी बघा. व्ही डोमेन १०७ अमिनो आम्लांचं, सिस्टीनं २३ आणि ८८व्या जागी, पुढे एफ-जी-क्यू-जी आणि शेवट के-व्ही-ई-आय-के असा. ई-आय-के हा शेवट दिसला की कप्पा असण्याची दाट शक्यता. लॅम्डाचा शेवट बहुधा एल-टी-व्ही-एल असतो आणि हेवीचा व्ही-टी-व्ही-एस-एस.

मात्र टीसीआरच्या बीटा साखळीतही एल-टी-व्ही-एल सारखे शेवट येतात. नुसत्या शेवटावरून लॅम्डा ठरवलीत, तर बीटा साखळ्या तुमच्या लाइटच्या यादीत जाऊन बसतील. डोळ्यांनी पाहून अंदाज बांधायचा, ठरवायचं पुढच्या पायरीवर.

पायरी ४: अनार्सी चालवा आणि निकाल नीट वाचा

अनार्सीकडे माणूस, उंदीर अशा काही प्रजातींच्या वेगवेगळ्या साखळ्यांच्या व्ही डोमेनचे सांख्यिकीय नमुने आहेत. तुमचा सीक्वेन्स त्या सगळ्यांशी ताडून जो सर्वांत जास्त जुळतो त्यावरून ते साखळीचा प्रकार सांगतं आणि प्रत्येक अमिनो आम्लाला क्रमांक देतं. प्रकार एका अक्षरात येतो: एच हेवी, के कप्पा, एल लॅम्डा, ए, बी, जी, डी या टीसीआरच्या चार.

एल म्हणजे लाइट नव्हे, लॅम्डा. आणि इथे अनार्सीच गोंधळात टाकतं. निकालाच्या माथ्यावरच्या ओळीत के लिहिलेलं असतं, पण खाली एकेका अमिनो आम्लाच्या ओळीसमोर कप्पासाठीही एल छापून येतं. टेबल स्वरूपात काढलंत तर कप्पा आणि लॅम्डा एकाच केएल फाइलमध्ये पडतात. प्रकार नेहमी माथ्यावरच्या ओळीतून किंवा टेबलातल्या साखळी-प्रकाराच्या रकान्यातूनच उचला.

क्रमांकन पद्धत आयएमजीटी ठेवा. कबाट, कोथिया, मार्टिन या पद्धती अँटिबॉडींसाठी बनल्या आहेत. टीसीआरला अनार्सी त्या लावतच नाही, आयएमजीटी किंवा आहो यांपैकीच एक घ्यावी लागते. दोन्ही प्रकारचे रिसेप्टर एकाच यादीत असतील तर दोन पद्धतींची खिचडी करण्यात अर्थ नाही.

पद्धतीने काय फरक पडतो? मघाचंच दुसरं सिस्टीन घ्या. सरळ मोजलं तर ९६. कबाट पद्धतीत ९२, कारण ५२ आणि ८२ या क्रमांकांपाशी चार जादा अमिनो आम्लांना अक्षरं लावून बसवलंय. आयएमजीटीत १०४. त्याच रेणूच्या लाइट साखळीतलं दुसरं सिस्टीन सरळ मोजून ८८ होतं. आयएमजीटीत तेही १०४. अल्फा साखळीतही १०४, बीटातही १०४. आयएमजीटीचा फायदा हाच: पहिलं सिस्टीन २३, ट्रिप्टोफॅन ४१, दुसरं सिस्टीन १०४ आणि जे जनुकाच्या खुणेतलं पहिलं अक्षर ११८, साखळी कोणतीही असो. सीडीआर-१ म्हणजे २७ ते ३८, सीडीआर-२ म्हणजे ५६ ते ६५, सीडीआर-३ म्हणजे १०५ ते ११७.

सीडीआरच्या सीमाही पद्धतीबरोबर सरकतात. ट्रास्टुझुमॅबच्या हेवी साखळीचं पहिलं सीडीआर आयएमजीटीप्रमाणे जी-एफ-एन-आय-के-डी-टी-वाय, कबाटप्रमाणे डी-टी-वाय-आय-एच. जुने शोधनिबंध कबाटमध्ये असतात, म्हणून एखाद्याचं सीडीआर तुमच्याशी जुळत नसेल तर चूक शोधण्याआधी पद्धत विचारा.

निकाल हातात आला की ही तपासणी करा:

- २३ आणि १०४ वर सिस्टीन आहे का? ४१ वर ट्रिप्टोफॅन आहे का? ११८ वर डब्ल्यू किंवा एफ आहे का? यांपैकी एखादं नसेल तर ती साखळी बाजूला काढून हाताने बघा.
- गुण किती आहेत? अनार्सी मुळात ८० बिट-गुणांखालचं काही दाखवत नाही. ही मर्यादा खाली आणण्याचा मोह टाळा. पीडी-१, सीडी-८, सीटीएलए-४ अशा कितीतरी प्रथिनांत व्ही प्रकारचं डोमेन असतं आणि मर्यादा उतरवली की तीही आत शिरतात.
- एका साखळीत किती डोमेन सापडली? एकाहून जास्त असतील तर पायरी ७ बघा.

सीडीआर-३ लांब असलं की आयएमजीटी जादा अमिनो आम्लं १११ आणि ११२ च्या मधे बसवते, आणि ११२ च्या बाजूचे क्रमांक उलटे चालतात: १११, १११.१, ११२.२, ११२.१, ११२ असे. ट्रास्टुझुमॅबचं सीडीआर-३ बरोबर तेरा अमिनो आम्लांचं आहे, त्यामुळे तिथे जादा काही लागत नाही. चौदा झाली की ११२.१ येतो. स्प्रेडशीटमध्ये हे रकाने चढत्या क्रमाने लावलेत, की ११२ आधी आणि ११२.१ नंतर येतं आणि सीडीआर-३ची अक्षरं अदलाबदल होऊन बसतात. दिसायला सगळं व्यवस्थित असतं, म्हणून पकडायला अवघड. क्रमांकाचा रकाना मजकूर म्हणून ठेवा, आणि अनार्सीने ज्या क्रमाने दिलं तो क्रम वेगळ्या रकान्यात जपून ठेवा.

टीसीआरवाल्यांची आणखी एक सवय माहीत असू द्या. ते सीडीआर-३ म्हणून जे देतात त्यात अनेकदा १०४चं सिस्टीन आणि ११८चं एफ धरलेलं असतं. काटेकोरपणे त्याला जंक्शन म्हणायचं. सी ने सुरू होऊन एफ ने संपणारं ‘सीडीआर-३’ दिसलं तर दोन्ही टोकांचं एकेक अक्षर काढल्याशिवाय लांबीची तुलना करू नका.

पायरी ५: मागचा भाग सोडू नका

अनार्सीचं काम व्ही डोमेनपाशी संपतं. वर्ग आणि उपवर्ग कळतात ते सी डोमेनांवरून. व्ही डोमेन संपतं तिथून पुढचा तुकडा कापून डोमेनगॅपअलाइनमध्ये टाका, किंवा आयएमजीटीच्या सी डोमेनांच्या संदर्भसंचाशी ब्लास्ट करा. माणसाच्या साखळ्यांसाठी काही सुरुवाती पाठ करून ठेवल्यात तर वेळ वाचतो:

- कप्पा: आर-टी-व्ही-ए-ए-पी-एस-व्ही-एफ-आय-एफ-पी-पी
- लॅम्डा: जी-क्यू-पी-के-ए-ए-पी-एस-व्ही-टी-एल-एफ-पी-पी
- आयजीजी हेवी: ए-एस-टी-के-जी-पी-एस-व्ही-एफ-पी-एल-ए-पी

आयजीजीच्या चारही उपवर्गांचं सीएच-१ डोमेन (हेवी साखळीचं पहिलं सी डोमेन) असंच सुरू होतं. फरक त्याच्या लगेच पुढे आहे. आयजीजी-१ मध्ये एस-एस-के-एस-टी-एस-जी-जी, आयजीजी-३ मध्ये सी-एस-आर-एस-टी-एस-जी-जी, आणि आयजीजी-२ व ४ मध्ये सी-एस-आर-एस-टी-एस-ई-एस. म्हणजे २ आणि ४ इथे वेगळे करता येत नाहीत. त्यासाठी सीएच-१चा पुढचा भाग बघावा लागतो, किंवा सगळ्यांत सोपं म्हणजे बिजागरीचा भाग, म्हणजे हिंज. आयजीजी-४चा हिंज ई-एस-के-वाय-जी-पी-पी-सी-पी असा येतो, आयजीजी-२चा ई-आर-के-सी-सी-व्ही-ई-सी-पी-पी-सी-पी असा. आयजीजी-४च्या औषधांत सी-पी-एस-सी च्या जागी बहुधा सी-पी-पी-सी केलेलं असतं. अर्धे रेणू सुटून एकमेकांत अदलाबदल होऊ नयेत म्हणून मुद्दाम केलेला तो बदल आहे. तो पाहून आयजीजी-१ समजू नका. त्याच्या आधीचं ई-एस-के-वाय-जी खरं काय ते सांगतं.

म्यू आणि एप्सिलॉन यांना चार सी डोमेन असतात आणि हिंज नसतो. बाकी तिघांना तीन डोमेन आणि हिंज.

पायरी ६: टीसीआरची खास अडचण

टीसीआर अल्फा आणि डेल्टा यांच्यात व्ही जनुकांची भागीदारी आहे. माणसाच्या १४व्या गुणसूत्रावर डेल्टाची जनुकं अल्फाच्या जनुकांच्या मधोमध वसलेली आहेत, आणि पाच व्ही जनुकं दोघांनाही वापरता येतात. त्यांची नावंच जोडनावं आहेत: टीआरएव्ही-१४/डीव्ही-४, टीआरएव्ही-२३/डीव्ही-६, टीआरएव्ही-२९/डीव्ही-५, टीआरएव्ही-३६/डीव्ही-७ आणि टीआरएव्ही-३८-२/डीव्ही-८. यांपैकी एखादं व्ही आलं तर व्ही कडे पाहून निर्णय घेताच येत नाही. जे आणि सी बघायचे. सी डोमेन नसेल आणि जे अर्धवट असेल तर ‘अल्फा किंवा डेल्टा’ असंच लिहा.

माणसाच्या अल्फाचं सी डोमेन आय-क्यू-एन-पी-डी-पी-ए-व्ही-वाय-क्यू-एल असं सुरू होतं. बीटाची दोन सी जनुकं आहेत: पहिल्यात डी-एल-एन-के-व्ही-एफ-पी-पी, दुसऱ्यात डी-एल-के-एन-व्ही-एफ-पी-पी. एन आणि के यांची जागा तेवढी उलटी.

उपचारासाठी बनवलेल्या टीसीआरमध्ये पुढे माणसाचं व्ही आणि मागे उंदराचं सी असू शकतं. पेशीच्या स्वतःच्या टीसीआर साखळ्यांशी भलती जोडी जमू नये म्हणून तसं करतात. त्यामुळे प्रजातीचा रकाना साखळीमागे एक ठेवू नका, डोमेनमागे एक ठेवा.

पायरी ७: जे अँटिबॉडीही नाही आणि टीसीआरही नाही

१९९६ सालची १एओ७ ही रचना सरावाला उत्तम. पाच साखळ्या आहेत. पहिली ए: सुरुवात जी-एस-एच-एस-एम-आर-वाय-एफ. ही एचएलए-ए२ची, म्हणजे पहिल्या वर्गाच्या एमएचसीची (पेशीवर पेप्टाइड धरून ते टी-पेशीला दाखवणाऱ्या रेणूची) हेवी साखळी. ‘हेवी’ हा शब्द वर्णनात दिसला की ती आयजीएचमध्ये टाकली जाते, हा नेहमीचा प्रकार. बी ही बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन. पक्व रूपात ९९ अमिनो आम्लं, आणि हिचीही रवानगी ‘बीटा’ या शब्दापायी टीसीआरमध्ये होते. सी म्हणजे एल-एल-एफ-जी-वाय-पी-व्ही-वाय-व्ही हा नऊ अमिनो आम्लांचा विषाणूचा पेप्टाइड. डी टीसीआर अल्फा, ई टीसीआर बीटा. ईचं सीडीआर-३ ए-एस-आर-पी-जी-एल-ए-जी-जी-आर-पी-ई-क्यू-वाय असं चौदा अक्षरी आहे, म्हणजे ११२.१ कसा दिसतो तेही इथेच बघता येईल. या पाचांवर अनार्सी चालवा: व्ही डोमेन फक्त डी आणि ई मध्ये सापडायला हवं.

एमएचसीची अल्फा-३ डोमेन, बीटा-२ मायक्रोग्लोब्युलिन, अँटिबॉडीचं सी डोमेन आणि टीसीआर बीटाचं सी डोमेन या सगळ्यांवर पीफॅम हा प्रथिन-कुळांचा संग्रह ‘इम्युनोग्लोब्युलिन सी-१ संच’ असा एकच शिक्का मारतं. तो शिक्का घडी कोणती ते सांगतो, रेणू कोणता ते सांगत नाही. एमएचसी ओळखायची ती तिच्या पेप्टाइड धरणाऱ्या भागावरून, म्हणजे आयएमजीटी ज्याला जी डोमेन म्हणते त्यावरून. डोमेनगॅपअलाइन तेही जुळवून देतं. पूर्ण टीसीआर-सीडी-३ समूहाची ६जेएक्सआर ही २०१९ची रचनाही पाहून ठेवा. आठ साखळ्यांत टीसीआरच्या दोनच आहेत.

मग येतात घडवलेले रेणू. एकाच साखळीत दोन व्ही डोमेन सापडली, एक एच आणि एक के किंवा एल, आणि मधे जी-जी-जी-जी-एस हा तुकडा दोनतीनदा आला, की ते एससीएफव्ही, म्हणजे हेवी आणि लाइटची व्ही डोमेन एकाच साखळीत जोडून बनवलेला रेणू. क्रम एच आधी किंवा लाइट आधी, कसाही असतो. एकटंच एच सापडलं आणि जोडीला लाइट कुठेच नाही, तर उंट कुळातली नॅनोबॉडी (लाइट साखळी नसलेल्या अँटिबॉडीचं एकटं व्ही डोमेन) असू शकते. अशा अँटिबॉडी १९९३ साली ब्रुसेल्समधल्या संशोधकांनी जगापुढे आणल्या. आयएमजीटीच्या ४२, ४९, ५० आणि ५२ या जागा बघा. नेहमीच्या हेवी साखळीत तिथे लाइट साखळीला चिकटणारी व्ही, जी, एल, डब्ल्यू अशी मंडळी असतात. नॅनोबॉडीत बहुधा ४९ वर ई किंवा क्यू आणि ५० वर आर येतं.

कार-टी उपचारातल्या (रुग्णाच्या टी-पेशींत कृत्रिम रिसेप्टर बसवून केलेल्या कर्करोगाच्या उपचारातल्या) साखळ्या याहून मिश्र. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आलेल्या आणि २०२३च्या ऑक्टोबरात भारतात मंजुरी मिळालेल्या नेक्सकार-१९चंच बघा: बाहेर सीडी-१९ ओळखणारा, मानवीकरण केलेला एससीएफव्ही आणि पेशीच्या आत सीडी-३ झीटाचं शेपूट. तिला अँटिबॉडी म्हणू नका, टीसीआरही म्हणू नका. ‘कृत्रिम’ असा वेगळा प्रकार ठेवून आतली डोमेनं क्रमाने नोंदवा.

पायरी ८: प्रजाती आणि जनुकाचं नाव

अनार्सी प्रजाती सांगतं ती सर्वांत जवळच्या नमुन्याची. उंदराच्या अँटिबॉडीची सीडीआर माणसाच्या सांगाड्यात बसवलेली असली, तर निकाल ‘माणूस’ येतो आणि तो चूकही नसतो, पण पुरा नसतो. ट्रास्टुझुमॅब याच जातीचं. औषधाच्या नावातलं ‘झु’ म्हणजे मानवीकरण केलेलं, ‘क्सी’ म्हणजे मिश्र, नुसतं ‘उ’ म्हणजे मानवी, ही खूण जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ नंतरच्या नावांतून काढून टाकली आहे. २०२१ पासून तर नव्या नावांच्या शेवटी ‘मॅब’ही येत नाही. नव्या औषधाच्या नावावरून काहीही ठरवू नका.

जनुकाच्या नावाबरोबर साम्याची टक्केवारी लिहाच. प्रथिनावरून ॲलीलपर्यंत (एकाच जनुकाच्या किंचित वेगळ्या रूपापर्यंत) पोचण्याचा हट्ट धरू नका. वेगवेगळे ॲलील पुष्कळदा एकच प्रथिन देतात. जनुकाच्या नावापाशी थांबा.

पायरी ९: जोडी लावा, मग रिसेप्टरचं नाव द्या

रचना हाताशी असेल तर एच आणि लाइटची, किंवा अल्फा आणि बीटाची जोडी जागेवरून लावा: दोन्ही व्ही डोमेनांतल्या १०४च्या सिस्टीनांमधलं अंतर काढा आणि जी जवळ असेल ती जोडीदार. एकाच फाइलमध्ये रेणूच्या दोनतीन प्रती असतात, तेव्हा अक्षरांच्या क्रमाने जोड्या लावल्या तर एका प्रतीची हेवी दुसऱ्या प्रतीच्या लाइटशी जाते. दोन लाइट साखळ्याच एकमेकींना चिकटलेल्या दिसल्या तर दचकू नका. मल्टिपल मायलोमाच्या रुग्णांच्या लघवीत सापडणारी बेन्स जोन्स प्रथिनं अशीच असतात.

नुसते सीक्वेन्स असतील तर जोडी स्रोताने सांगितली असेल तरच लिहा. व्ही जनुकांवरून जोडीदार ओळखता येत नाही.

शेवटी टेबल. माझ्या टेबलात प्रत्येक डोमेनला एक ओळ असते आणि रकाने असे: नोंदीचं नाव, स्रोतातलं साखळीचं अक्षर, डोमेनची सुरुवात आणि शेवट, डोमेनचा प्रकार, साखळीचा प्रकार, प्रजाती, व्ही किंवा सी जनुक, साम्य, गुण, क्रमांकन पद्धत, कोणत्या साधनावरून ठरवलं, साधनाची आवृत्ती आणि तारीख. आयएमजीटीचा संदर्भसंच वाढत असतो, म्हणून तारखेशिवाय पुढच्या वर्षी हाच निकाल पुन्हा काढून पडताळता येत नाही. ‘अनिश्चित’ हीसुद्धा रकान्यात लिहायची एक किंमत ठेवा. सीएच-१ अर्धवट आणि हिंज नसलेल्या साखळीचा उपवर्ग २ की ४, किंवा भागीदारीतल्या व्ही ची साखळी अल्फा की डेल्टा, तिथे तीच लिहा आणि शेजारी कारण लिहा.